'टाटा'ला नेण्याआधी

आळेफाट्याच्या चौकात वाहतूक थांबत नाही. पुणे-नाशिक महामार्ग इथून पुढे संगमनेरकडे निघतो. कल्याणहून माळशेज घाट चढून, ओतूर ओलांडून आलेला रस्ता त्याला आडवा छेदतो आणि बेल्हे, टाकळी ढोकेश्वर करत नगरकडे जातो. कांद्याच्या गोण्यांचे ट्रक, टोमॅटोच्या क्रेटनी भरलेले पिकअप, दुधाचे टँकर, एसटीची वाट पाहणारी कॉलेजची मुलं अशी सगळी गर्दी इथे असते. या गर्दीच्या डोक्यावर, रस्त्याकडेच्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर पाट्या दिसतात: बालरुग्णालय, अस्थिरोग, प्रसूतिगृह, सोनोग्राफी, लॅबोरेटरी. जुन्नरच्या पूर्व भागातली माणसं तर इथे येतातच. संगमनेरच्या पठारावरची घारगाव-बोट्याची, अकोले तालुक्यातली ब्राह्मणवाड्याकडची, पारनेरच्या पश्चिमेची माणसंही दुखलं-खुपलं की हाच चौक गाठतात.

संपादकांनी यंदा 'गावाचं आरोग्य' हा विषय दिला, तेव्हा मी ब्लड कॅन्सर निवडला. रक्ताचा कर्करोग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतलं परळ येतं, मोठ्या यंत्रांच्या खोल्या येतात. पण रुग्ण काही परळमध्ये आजारी पडत नाही. तो आजारी पडतो राजुरीत, पिंपळवंडीत, आंबेगावच्या एखाद्या वाडीत. इथल्या बोलण्यात या आजाराचं नाव उशिरा येतं. आधी 'अंगात रक्त कमी झालंय' असं म्हणतात. मग 'पेशी कमी आल्यात'. मग 'पांढऱ्या पेशी लई वाढल्यात'. आणि शेवटी एक दिवस 'टाटाला नेलंय'. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत किती दिवस गेले, यावर पुढचं बरंच काही ठरतं. त्या दिवसांत नेमकं काय घडतं ते पाहायला मी फाट्यावर गेलो.

पेशी मोजणं आणि पेशी पाहणं

सकाळी अकराच्या सुमाराला लॅबमध्ये सगळ्यात जास्त गर्दी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'सीबीसी' लिहून दिलेलं असतं. जांभळ्या झाकणाच्या छोट्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतलं जातं. या नळीत रक्त गोठू न देणारं रसायन असतं. नळी यंत्राला लावली की मिनिटाभरात कागद बाहेर येतो: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार आणि प्लेटलेट दीड लाखाच्या वर असल्या की लोक निश्वास टाकतात.

हे यंत्र पेशी मोजण्यात पटाईत आहे. पण लहान गावांतल्या अनेक लॅबमध्ये जे साधं यंत्र असतं, ते पांढऱ्या पेशींची वर्गवारी मुख्यतः आकारावरून करतं. ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात रक्तात उतरणाऱ्या अपक्व पेशींना 'ब्लास्ट' म्हणतात. या ब्लास्ट कधी लिम्फोसाइटच्या रकान्यात जाऊन बसतात, तर कधी मधल्या आकाराच्या पेशींत. कागदावर फक्त एखादा आकडा ठळक अक्षरात छापून येतो. पुढची पायरी माणसाची असते. रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर ठेवायचा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने तिरका ओढून त्याचा पातळ पापुद्रा करायचा, तो वाळवायचा, लेशमन स्टेनने रंगवायचा आणि तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. याला 'स्मिअर' म्हणतात. तिथे ब्लास्ट लपत नाही. पेशीचा बहुतेक भाग व्यापणारं मोठं केंद्रक आणि त्यातली विरळ, नाजूक जाळी सरावाच्या डोळ्याला लगेच दिसते.

या चाचणीला महागडं काही लागत नाही. लागतो तो वेळ आणि डोळा. पॅथॉलॉजिस्ट पूर्णवेळ बसतो अशा लॅब थोड्या. अनेक ठिकाणी तंत्रज्ञ नमुना घेतो, दिवसभराच्या नळ्या गोळा होतात आणि गाडीने पुण्याला जातात. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाइलवर येतो. एका तंत्रज्ञाने मला त्याची रीत सांगितली. एकाच वेळी हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी यांतल्या दोन गोष्टी बिघडलेल्या दिसल्या, की चिठ्ठीवर लिहिलेलं नसलं तरी तो स्लाइड करून ठेवतो आणि तिचा फोटो पॅथॉलॉजिस्टला पाठवतो. त्याला हे करायला कोणी सांगितलेलं नाही. अशा एका माणसाच्या सवयीने एखाद्या घरातला महिना वाचतो.

तिन्ही पेशी एकदम का बिघडतात, हे कळलं की स्मिअरचं महत्त्व कळतं. रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या बोन मॅरोमध्ये. तिथे कर्करोगाच्या पेशी माजल्या की कांद्याच्या वाफ्यात हरळी माजल्यावर रोपांचं होतं तसं चांगल्या पेशींचं होतं. त्यांना वाढायला जागाच उरत नाही. लाल पेशी घटल्या की दम लागतो, चेहरा पांढुरका पडतो. प्लेटलेट घटल्या की हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर लाल-जांभळे ठिपके उठतात. कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप हटत नाही.

चुकणाऱ्या वाटा

निदान चुकतं ते बहुधा निष्काळजीपणाने नव्हे. ही लक्षणं इथल्या रोजच्या आजारांसारखीच दिसतात, त्यामुळे चुकतं. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ असते. ताप आणि कमी झालेल्या पेशी म्हणजे डेंग्यू, हे आता गावागावांत पाठ झालंय. डेंग्यूत प्लेटलेट आठवड्याभरात पुन्हा चढायला लागतात. दहा दिवस झाले, ताप गेला तरी पेशी चढत नाहीत, किंवा त्यासोबत हिमोग्लोबिनही उतरतंय, तर तो डेंग्यू नसण्याची शक्यता मोठी आणि स्मिअर बघायलाच हवा.

लहान मुलांत दुसरी चूक होते. मूल पाय दुखतात म्हणून रडतं, लंगडतं, सांधे सुजतात. ल्युकेमियात हाडांच्या आत गर्दी झाल्याने असं होतं. पण दिसतं संधिवातासारखं. मग कोणीतरी स्टेरॉइड सुरू करतं. आणि मूल चार दिवसांत खरोखर उड्या मारायला लागतं. यातच धोका आहे. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात. हेच औषध त्याच्या उपचारातलं पहिलं हत्यार आहे. अर्धवट दिलं की ब्लास्ट काही काळ दिसेनाशा होतात, निदान लांबतं, आजार किती तीव्र आहे याचा अंदाज चुकतो आणि उरलेल्या पेशी चिवट होऊन परत येतात. म्हणून बालकर्करोगतज्ज्ञांचं एक कळकळीचं सांगणं असतं: कारण न कळलेल्या ताप-सांधेदुखीत स्टेरॉइड देण्याआधी एक सीबीसी आणि एक स्मिअर कराच.

तिसरी चूक गाठींची. मानेला किंवा काखेत गाठ आली की आपल्याकडे टीबीचा संशय पहिला, आणि तो रास्तच आहे. पण तुकडा न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, असेल तर महिने वाया जातात. सुईने पेशी काढून केलेली तपासणी इथे बरेचदा अपुरी पडते. आख्खी गाठ किंवा तिचा पुरेसा तुकडा काढून बायोप्सी केली तरच लिम्फोमा आहे की नाही आणि कोणत्या जातीचा आहे हे कळतं.

चौथी चूक वयस्कर माणसांत होते. शेतात उभं आयुष्य काढलेल्या बाईची कंबर दुखते तेव्हा कोणालाच नवल वाटत नाही. मलम, पट्टा, वेदनाशामक गोळ्या चालू राहतात. मल्टिपल मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचा कर्करोग हाडं पोखरतो, रक्त कमी करतो आणि मूत्रपिंडावर घाला घालतो. वेदनाशामक गोळ्या त्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात. साठीच्या माणसाची न हटणारी पाठदुखी, त्यासोबत कमी हिमोग्लोबिन आणि वाढलेलं क्रिएटिनिन, हे त्रिकूट दिसलं की रक्तातल्या प्रथिनांची 'इलेक्ट्रोफोरेसिस' ही तपासणी सांगायला हवी.

यात एक प्रकार असा आहे जिथे महिना सोडा, दिवसही मोजावे लागतात. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात रुग्ण अचानक रक्तस्रावाने दगावू शकतो. पण तो पहिला टप्पा पार पडला तर हाच ल्युकेमिया सगळ्यांत जास्त बरा होणाऱ्यांपैकी आहे. 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेलं ट्रेटिनॉइन आणि आपण ज्याला सोमल म्हणतो त्या आर्सेनिकपासूनचं औषध, या दोन्हींनी बहुसंख्य रुग्ण बरे होतात. जनुकीय अहवालाची वाट न पाहता, स्मिअरवर नुसता संशय आला तरी ट्रेटिनॉइन सुरू करावं असा शिरस्ता आहे. म्हणजे फाट्यावरच्या काचपट्टीवर ज्याने ती पेशी ओळखली आणि रुग्णाला त्याच दिवशी गाडीत बसवलं, त्याने जीव वाचवला.

परळची जुनी नाळ

पुढचं निदान मोठ्या केंद्रात होतं. कंबरेच्या हाडातून बोन मॅरो काढतात. फ्लो सायटोमेट्रीत पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा वाचून ल्युकेमियाची जात ठरते. हा नमुना एक-दोन दिवसांत तपासावा लागतो, कारण पेशी जिवंत हव्यात. गुणसूत्रांची तपासणी वेगळी, जनुकांची वेगळी. एकाच 'ब्लड कॅन्सर' नावाखाली डझनावारी आजार आहेत आणि प्रत्येकाचं औषध निराळं, म्हणून हा सगळा खटाटोप.

या औषधांच्या इतिहासात मुंबईचा वाटा फार जुना आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना होणारा जीवघेणा ॲनिमिया हा तिचा विषय होता. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना यीस्टच्या अर्कात, म्हणजे 'मार्माइट'मध्ये, हा ॲनिमिया बरा करणारं काहीतरी आहे हे तिने दाखवून दिलं. पुढे तो घटक म्हणजे फॉलेट ठरला, ज्याच्या गोळ्या आज अंगणवाडीताई गरोदर बाईला देते. रक्तपेशी वाढायला फॉलेट लागतं, तर ते अडवलं की कर्करोगाच्या रक्तपेशी उपाशी मरतील, हा पुढचा विचार बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी केला. फॉलेटसारखी दिसणारी पण त्याचं काम अडवणारी रसायनं त्यांना मिळाली ती येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातून गेलेल्या शास्त्रज्ञाच्या चमूकडून. १९४८ मध्ये फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांमध्ये आजार तात्पुरता का होईना मागे हटल्याचं जाहीर केलं. त्या कुळातलं मेथोट्रेक्सेट आज जुन्नरमधलं मूल आठवड्यातून एकदा गोळी म्हणून घेतं. त्याच्या सलाइनमधून जाणारं व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीपासून बनतं. मात्र अंगणातल्या सदाफुलीची पानं चावून ल्युकेमिया बरा होत नाही. शुद्ध केलेलं, मोजून दिलेलं औषध वेगळं आणि पाला वेगळा.

हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. त्याच्या मुळाशीही ल्युकेमियाच आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. १९३२ मध्ये त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास उभा राहिला आणि १९४१ मध्ये परळचं रुग्णालय सुरू झालं. तिथेच १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं बोन मॅरो प्रत्यारोपण यशस्वी केलं. रुग्ण एक लहान मुलगी आणि दाता तिचा भाऊ. बालपणी पोलिओ झालेले डॉ. अडवाणी चाकाच्या खुर्चीतून वॉर्ड फिरत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या इयन मॅग्रथ यांच्यासोबत त्यांनी १९८० च्या दशकात 'एमसीपी-८४१' हा उपचारक्रम इथल्या परिस्थितीला झेपेल असा आखला. त्याआधी लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पाच मुलांमागे जेमतेम एक वाचत असे. ते प्रमाण निम्म्याच्या पुढे गेलं. औषधं त्याच काळात जगात उपलब्ध असलेलीच होती. फरक पडला तो ठरलेला क्रम काटेकोर पाळण्याने, जंतुसंसर्ग सांभाळण्याने आणि प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याने.

अडीच वर्षं धरून ठेवणं

श्रीमंत देशांत आज लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची दहातली नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडेही चांगल्या केंद्रांत तो पल्ला जवळ येतोय. पण मधे गळती होते. उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. पहिला महिना सगळ्यांत कठीण. नंतर काही महिने सलाइन, पाठीच्या कण्यातली इंजेक्शनं, रक्त आणि प्लेटलेट चढवणं. मग येतो तो लांब पल्ला: घरी राहून रोज मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आठवड्याला मेथोट्रेक्सेट, ठरावीक दिवसांनी तपासणी. याच टप्प्यात मूल खेळायला लागतं, केस परत येतात, आणि घरच्यांना वाटतं, झालं की बरं. गोळ्या सुटतात. काही महिन्यांनी आजार परततो, आणि तेव्हा तो आधीपेक्षा हट्टी असतो.

आळ्याच्या पुढच्या एका वस्तीवर मी अशा एका आईला भेटलो. मुलगा शाळेत गेलेला. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोजच्या तारखेखाली पेनाची बारीक टिंबं होती. गोळी दिली की टिंब. "जावबाई म्हणत्यात, आता कशाला ती गोळी? म्या म्हणते, डाक्टर सांगतील तवा थांबू." सासरच्या चार माणसांत हे ठामपणे म्हणायला बळ लागतं. तिला ते रुग्णालयातल्या समुपदेशक ताईच्या महिन्याच्या फोनमधून मिळालं होतं. गोळीची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, त्यामुळे अर्धी-पाव गोळी तोडून द्यावी लागते आणि पाव तुकडा कधी सारखा पडत नाही. टाटाच्या खारघरमधल्या 'ॲक्ट्रेक' केंद्राने बंगळूरच्या एका औषध कंपनीसोबत हेच औषध 'प्रिव्हॉल' नावाने पातळ रूपात तयार केलं आणि २०२५ मध्ये ते बाजारात आलं. संशोधन असंही असतं: गोळी तोडणाऱ्या आईचे हात डोळ्यांसमोर ठेवून केलेलं.

या अडीच वर्षांतला सगळ्यांत मोठा शत्रू ताप. केमोने पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना ताप आला तर तासाभरात प्रतिजैविक शिरेतून जायला हवं. आळेफाटा ते पुणे साधारण नव्वद किलोमीटर. पण खेड-चाकणच्या कोंडीत तासांचा हिशोब उरत नाही. मुंबईला जायचं तर माळशेज, आणि पावसाळ्यात तिथे दरड कधी येईल सांगता येत नाही. म्हणून पहिला डोस इथेच मिळणं हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. फाट्यावरच्या एका बालरोगतज्ज्ञांनी स्वतःहून पाळलेली पद्धत मला मोलाची वाटली. केमो चालू असलेल्या मुलांची यादी त्यांच्याकडे आहे. अशा मुलाला ताप आला तर ते रांगेत बसत नाही. लगेच सीबीसी, शिरेत सुई, प्रतिजैविक, आणि मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांना फोन. मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, नारायणगाव-जुन्नरची ग्रामीण रुग्णालयं इथेही हे शक्य आहे. त्यासाठी एक पानाची लेखी सूचना, औषधाचा साठा आणि फोन उचलणारा तज्ज्ञ एवढं लागतं.

पैशांचं ओझं आहेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी बसते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून सुरुवात करता येते. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखीव असतात. पण निदान होईपर्यंतच्या तपासण्या, गाडीभाडं, मुंबईतलं राहणं आणि बुडालेली मजुरी बहुतेकदा घरालाच सोसावी लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं, यांनी हजारो घरांना आसरा दिलाय. गावातून निघतानाच ही नावं हातात असली तर पहिली रात्र फुटपाथवर जात नाही.

एका गोळीची लढाई

फाट्यावर मला असेही रुग्ण भेटले ज्यांना पाहून कोणी आजारी म्हणणार नाही. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया असलेला एक शेतकरी रोज एक गोळी घेतो आणि टोमॅटोची तीन एकर बाग सांभाळतो. या आजारात नववं आणि बाविसावं गुणसूत्र आपापले तुकडे अदलाबदल करतात आणि त्यातून पेशीला थांबू न देणारं एक प्रथिन तयार होतं. इमॅटिनिब नेमकं त्यालाच अडवतं. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या औषधाने काही वर्षांच्या आयुष्याचं जवळजवळ पूर्ण आयुष्य केलं.

पण मूळ कंपनीच्या, नोव्हार्टिसच्या औषधाचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या घरात होता, आणि भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत मिळत होतं. पेटंट मिळालं असतं तर स्वस्त औषध बंद झालं असतं. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्या पेटंटला विरोध केला. चेन्नईच्या पेटंट कार्यालयापासून सुरू झालेली ही लढाई १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात संपली: जुन्या रेणूचं थोडं बदललेलं रूप, परिणामात ठोस सुधारणा नसेल तर, पेटंटला पात्र नाही. आज गोळी परवडते. आता अडचण वेगळी आहे. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडणं, आणि दर तीन महिन्यांची जनुकीय पीसीआर तपासणी चुकवणं. गोळी काम करतेय की नाही हे अंगावरून कळत नाही, त्या तपासणीतूनच कळतं.

स्वतःच्या पेशी, दुसऱ्याच्या पेशी

औषधांनी न हटणाऱ्या काही ल्युकेमिया-लिम्फोमांवर आता भारतात तयार झालेली कार-टी उपचारपद्धती आहे. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढायच्या, कर्करोगाच्या पेशीवरची 'सीडी-१९' ही खूण ओळखायला त्यांना शिकवायचं, वाढवायचं आणि परत सोडायचं. आयआयटी मुंबईतले राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे हसमुख जैन, गौरव नरूला यांच्या चमूंनी हे काम उभं केलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार-१९'ला मान्यता मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आला. ६४ रुग्णांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त आले. परिणाम तपासता आलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तीस लाखही इथल्या कुटुंबासाठी जमीन विकण्याचाच आकडा आहे, म्हणून सरकारी योजनांत अशा उपचाराचा शिरकाव हा पुढचा लढा आहे.

प्रत्यारोपणात दुसऱ्याच्या पेशी लागतात. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. जुळलं नाही तर अनोळखी दाता शोधावा लागतो, आणि ऊतींची ही जुळणी पिढ्यान् पिढ्या आपापसांत लग्नं होणाऱ्या समाजात आपल्याच माणसांत सापडण्याची शक्यता जास्त. म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या रुग्णाचा दाता कदाचित याच पट्ट्यात नांगर धरून उभा असेल. त्याचं नाव कुठल्या नोंदणीत नाही एवढंच. शिवनेरीच्या पायथ्याशी शिवजयंतीला रक्तदान करणाऱ्या तरुणांची या भागात कमतरता नाही. त्याच शिबिरात गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना देऊन स्टेमसेल दाता म्हणून नोंद करता येते. आणि प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे वर्षातून एकदा शंभर पिशव्या देण्याइतकंच, हाक आल्यावर पुण्याला जाऊन प्लेटलेट देणारे दहा जण गावात असणं महत्त्वाचं.

फवारणीचा प्रश्न

फाट्यावर ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या बहुतेकांनी एक प्रश्न विचारला: "हे औषधं मारल्यामुळं होतं का?" औषधं मारणं म्हणजे फवारणी. द्राक्ष, टोमॅटो, कांदा, सगळ्यांवर फवारणी. प्रश्न गंभीर आहे आणि त्याचं उत्तरही जबाबदारीने द्यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लिंडेन हे कीटकनाशक माणसात कर्करोगकारक ठरवलं. त्याचा संबंध नॉन-हॉजकिन लिम्फोमाशी आहे. मॅलेथिऑन आणि ग्लायफोसेट 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवली. बेंझीनमुळे ल्युकेमिया होतो हे तर पक्कं आहे. पण एका रुग्णाकडे बोट दाखवून 'याला फवारणीनेच झालं' असं सांगता येत नाही. बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही. हातमोजे, मास्क, फवारणीनंतर अंघोळ, मुलांना रानातून दूर ठेवणं, रिकाम्या बाटल्या घरात न वापरणं, एवढं आज करता येतं.

खरं उत्तर मिळायला नोंदी लागतात, आणि खेड्यात नोंदी ठेवता येतात हे महाराष्ट्रानेच दाखवलंय. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण येईल तेव्हा लिहून घेऊ असं न म्हणता कार्यकर्ते गावोगाव गेले, सभा घेतल्या, लक्षणं सांगितली आणि रुग्णांना शोधून रुग्णालयात आणलं. याच पायावर बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियलसोबत उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये त्याच्या निष्कर्षांची जगाने दखल घेतली. ब्लड कॅन्सरला अशी चाळणी तपासणी नाही. पण कोणत्या गावात, कोणत्या वयात, कोणत्या कामात असलेल्या माणसांना तो होतो, याची नोंद जुन्नर-आंबेगावसारख्या फवारणीच्या पट्ट्यात चिकाटीने झाली तर शेतकऱ्यांच्या त्या प्रश्नाला उद्या पुराव्याने उत्तर देता येईल.

फाट्यावर व्हायला हवं ते

उपचार आणि संशोधन यांतली मोठी कामं मुंबई-पुण्यात होत राहतील, व्हायलाच हवीत. पण त्यांचा लाभ इथल्या माणसाला मिळायचा असेल तर चार गोष्टी फाट्यावरच व्हायला हव्यात, आणि त्या आपल्या आवाक्यातल्या आहेत. लॅबने दोन प्रकारच्या पेशी बिघडलेल्या दिसल्या तर न सांगता स्मिअर करावा आणि तो पॅथॉलॉजिस्टने पाहिल्याशिवाय रिपोर्ट सोडू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाड्या शाळा-अंगणवाड्यांत जातातच. त्यांतल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना फिकटपणा, ठिपके, गाठी, न हटणारा ताप आणि हाडदुखी या पाच खुणा पाठ असाव्यात. सरकारी रुग्णालयात केमोवरच्या रुग्णाच्या तापासाठी पहिलं प्रतिजैविक तयार असावं. आणि गोळ्या चालू असलेल्या प्रत्येक घराला महिन्यातून एकदा कोणीतरी फोन करावा.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जण या दिवाळीत गावी असाल. घरात कोणाचा ताप दोन आठवडे हटत नसेल, रक्त वाढवायच्या गोळ्या घेऊनही चेहरा पांढुरकाच असेल, मूल विनाकारण लंगडत असेल, तर औषध बदलून बघत बसू नका. जवळच्या लॅबमध्ये जा, सीबीसी करा आणि सोबत स्मिअर मागा. तो चांगला आला तर काळजी मिटेल. वाईट आला तर आजच्या काळात त्या आजाराशी लढायला औषधं आहेत, माणसं आहेत, आणि तुम्ही त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचलेले असाल.